गाणं बंद करा, गाडी बोलतेय!

पार्किंगमध्ये ‘टंग्ग’, पेव्हर ब्लॉकवर ‘टुक-टुक’ आणि एस्टिमेटच्या कागदावर चक्क ३४ हजार ६०० रुपये! स्टिअरिंगच्या आवाजाने माझी झोप उडवली, पण जाता जाता एक धडाही शिकवला. तोच हा, तुमच्यासाठी.

सगळ्यात आधी एक कबुली. माझ्या गाडीच्या स्टिअरिंगचा आवाज मी पहिले तीन आठवडे एफएमचा व्हॉल्यूम वाढवून ‘दुरुस्त’ केला होता. हसू नका. तुम्हीही केलं असेल!

माझी गाडी म्हणजे २०१४ सालची पांढरी सेकंडहॅण्ड हॅचबॅक. कोथरूड ते हिंजवडी आणि हिंजवडी ते कोथरूड, एवढंच तिचं आयुष्य. वीकएण्डला फार तर मुळशी. एका सोमवारी ऑफिसच्या बेसमेंट पार्किंगमध्ये गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि आवाज आला... टंग्ग! ढिल्या तारेची गिटार कोणीतरी खोडसाळपणे छेडावी तसा. मी इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. मी लॅपटॉपची बॅग उचलली आणि सरळ लिफ्टकडे गेले. ऑफिसमध्ये रिलीज होता हो, गाडीचं कोण बघणार!

आठवड्याभराने त्यात दुसऱ्या आवाजाची भर पडली. आमच्या सोसायटीच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक उखडलेत, त्यावरून जाताना पुढून डावीकडून बारीक टुक-टुक, टुक-टुक. आणि त्या प्रत्येक ‘टुक’ची हलकीशी टिचकी तळहाताला. मी व्हॉल्यूम अजून दोन घरं वर नेला.

मग साताऱ्याहून आई-बाबा आले. दहा दिवसांनी आम्हा तिघांना ताम्हिणी घाटातून श्रीवर्धनजवळ मामाकडे जायचं होतं. बाबांना चारचाकी येत नाही. पण एकच स्कूटर त्यांनी बावीस वर्षं चालवली आणि ती कुठे, कधी, कशी कुरकुरते हे त्यांना आईच्या मूडपेक्षा जास्त कळायचं (हे आईचं मत!). गल्लीतून बाहेर पडतोय तोच बाबा म्हणाले,

“अगं, ते बंद कर जरा.”

“काय? एसी?”

“गाणं. गाडी काहीतरी म्हणतेय.”

मी गाणं बंद केलं. टुक-टुक. पुढे यू-टर्नला, टंग्ग. बाबा काहीच बोलले नाहीत. सिग्नलला थांबल्यावर एवढंच म्हणाले, “घाटात आपल्या हातात स्टिअरिंगशिवाय दुसरं असतं काय?”

बास. त्या वाक्याने माझी विकेट काढली.

एसी लाउंज आणि तीन शब्द

दुसऱ्याच दिवशी हाफ डे टाकून मी एका चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. काचेची भिंत, कॉफीचं मशीन, गुळगुळीत फरशी. टॅब घेतलेल्या ॲडव्हायजरने विचारलं, “काय प्रॉब्लेम आहे मॅडम?” मी म्हटलं, “स्टिअरिंगमधून आवाज येतो.” दोन तासांनी उत्तर आलं : “मॅडम, रॅक गेलाय. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.” आणि खाली आकडा. ३४,६००!

मी विचारलं, रॅकच गेलाय हे कशावरून? तर म्हणे, “ते टेक्निकल असतं. घरातलं कोणी जेन्ट्स आहे का? त्यांना समजावतो.”

माझा पारा किती चढला असेल, याची कल्पना मैत्रिणींनो तुम्हाला आहेच! गाडीचा ईएमआय मी भरणार, पेट्रोल मी टाकणार आणि समजावणार मात्र ‘जेन्ट्स’ना. मी किल्ली घेतली आणि घरी आले. रागाच्या भरात तो जॉब कार्डचा कागद पुन्हा वाचला आणि गप्पच झाले. तक्रारीच्या रकान्यात, माझ्याच तोंडचे, तीन शब्द होते : ‘स्टिअरिंगमधून आवाज येतो’.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, मंडळी. उद्या कोणी माझ्याकडे ‘ॲप चालत नाही’ एवढाच बग लिहून पाठवला, तर मी तो तिथल्या तिथे परत पाठवते. कुठल्या स्क्रीनवर? काय दाबल्यावर? दर वेळी की कधीतरी? स्टेप्स कुठे आहेत? आणि इथे मी स्वतः तीन शब्दांत ३४ हजारांचा बग नोंदवून आले होते! त्या ॲडव्हायजरचा ‘जेन्ट्स’वाला चावटपणा माफ नाहीच. पण तीन शब्दांच्या तक्रारीला तीन शब्दांचं निदान मिळालं, यात अर्धी चूक माझीही होती.

गाडीचा बग रिपोर्ट

बाबांनी एक जुनी डायरी पुढे सरकवली. “कधी येतो ते लिही. बाकी नंतर.” मग आम्ही दोघांनी मिळून प्रश्न काढले. आवाज कधी येतो : उभ्या गाडीत, सावकाश वळताना, सरळ रस्त्यावर, की वेग घेतल्यावर? कुठल्या बाजूने? कसा : एकदाच ‘टंग’, की चाकाच्या फेऱ्यांबरोबर ‘टक-टक-टक’, की सलग घुमणारा? कशाने वाढतो : ॲक्सिलरेटरने, वेगाने, खड्ड्याने, की स्टिअरिंग फिरवल्याने? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. हाताला काही जाणवतं का?

रविवारी सकाळी सात वाजता (होय, रविवारी, सकाळी, सात वाजता!) आम्ही एका रिकाम्या मैदानात पोहोचलो. चार चाचण्या केल्या. कोणालाही जमतील अशा आहेत.

पहिली, उभ्या गाडीत. इंजिन चालू, हॅण्डब्रेक लावलेला, काचा खाली. स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाबा बाहेर उभे राहून ऐकत होते. टंग्ग! “उजवीकडून,” बाबा म्हणाले. मी पैजेवर सांगितलं असतं की आवाज माझ्या समोरून, स्टिअरिंगच्या दांड्यातून येतोय.

दुसरी, स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल चक्कर, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्यात थोडा ॲक्सिलरेटर. इथे नवीन काही आलं नाही. ‘टंग’ मधूनच, बाकी शांतता. हे ‘न येणं’ही आम्ही लिहून ठेवलं.

तिसरी, उखडलेल्या रस्त्यावरून सरळ, दहा-पंधराच्या स्पीडने. टुक-टुक. डावीकडून. हाताला टिचकी. खड्डा मोठा असेल तर उलट कमी, बारीक खडबडीला जास्त.

चौथी, मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या स्पीडला, गाणं बंद. काही नाही.

डायरीचं एक पान भरलं. ‘एक आवाज’ म्हणून मी जे घेऊन फिरत होते, ते दोन वेगवेगळे आवाज निघाले. एक उजवीकडचा, स्टिअरिंग फिरवल्यावर. दुसरा डावीकडचा, स्टिअरिंग सरळ असताना. सॉलिड ना?

बोटाने ऐकणारे काका

ऑफिसातल्या मित्राने वारज्यातलं एक गॅरेज सुचवलं होतं. पत्र्याची शेड, तीन गाड्या, एक मांजर. गॅरेजवाल्या काकांनी डायरीचं पान वाचलं, पुन्हा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “ताई, बसा स्टिअरिंगवर.” जेन्ट्स वगैरे काही विचारलं नाही. त्या क्षणी मी त्यांची फॅन झाले!

त्यांनी बॉनेट उघडलं, उजव्या शॉकअपच्या वरच्या टोकावर तळहात ठेवला आणि म्हणाले, “फिरवा सावकाश.” मी फिरवलं. टंग्ग. “या इकडे, हात ठेवा.” पोरगा स्टिअरिंगवर बसला आणि मी हात ठेवला. आवाजाबरोबर हाताखाली एक झटका बसला.

फंडा असा आहे. आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा पुढचं चाक एकटं वळत नाही. त्याच्याबरोबर शॉकअप आणि त्यावरची स्प्रिंगसुद्धा वळते. ती मोकळी वळावी म्हणून सगळ्यात वर, माउंटिंगमध्ये, एक बेअरिंग असतं. पावसाचं पाणी, चिखल आणि वयामुळे ते बेअरिंग अडलं, की स्प्रिंग आधी पीळ खाते आणि मग एकदम सुटते. तोच ‘टंग’. म्हणजे माझी ‘गिटारची तार’ खरोखरच एक तार होती, फक्त जरा जाड!

मग डावीकडे मोर्चा. काकांनी पुढचं चाक जॅकवर उचललं, खाली स्टँड लावला आणि चाक दोन्ही बाजूंनी धरलं, घड्याळात नऊ आणि तीन असतात तिथे. आडवं हलवलं. टुक. पुन्हा हलवलं. टुक. “प्ले आहे.” मग बारा आणि सहावर धरून उभं हलवलं. काही नाही. “बेअरिंग चांगलं आहे, खालचा बॉल जॉइंटही. हा टाय रॉड एंड गेलाय.” त्यांनी त्या सांध्यावर दोन बोटं ठेवली आणि पोराला चाक हलवायला लावलं. “आवाज कानाने ऐकायचा आणि बोटाने शोधायचा, ताई. लोखंडातून आवाज कुठून कुठे जातो. कान फसतो, बोट फसत नाही.”

आता थोडक्यात शरीरशास्त्र. आपण फिरवतो त्या चाकापासून एक दांडा खाली जातो. त्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक असतं, ते पिनियन. त्याचे दाते एका आडव्या दातेरी पट्टीत अडकतात, ती रॅक. आपण फिरवतो तशी रॅक डावी-उजवीकडे सरकते. तिच्या दोन्ही टोकांना टाय रॉड आणि त्यांच्या शेवटी टाय रॉड एंड, म्हणजे चाकाला वळवणारा सांधा. माणसाच्या खुब्यासारखा, वाटीत गोळा. तो झिजला की वाटीत गोळा खडखडतो. तोच माझा ‘टुक-टुक’.

“आणि रॅक?” मी घाबरत घाबरत विचारलं. काकांनी रॅकच्या दोन्ही बाजूंचे रबरी बूट दाबून बघितले, आतला सांधा हलवून बघितला. “घट्ट आहे. पण एक सांगतो, रॅक झिजली तरी असाच ‘टुक’ येतो. तो माणूस खोटंच बोलला असं नाही. फक्त आधी बाहेरचे, स्वस्तातले सांधे बघायचे, मग आत शिरायचं.”

मग त्यांनी जुना टाय रॉड एंड काढून माझ्या हातात दिला. बरोबर नवीनही. नव्या सांध्याचा दांडा हाताने वाकवायला चांगलाच जोर लागत होता. माझा जुना घंटेच्या लोलकासारखा डुलत होता! “हा निखळला तर ते चाक तुमचं ऐकत नाही. स्टिअरिंग एकीकडे, चाक दुसरीकडे.” मला ताम्हिणीतली वळणं आठवली. मागच्या सीटवरची आईही आठवली. आणि एफएमचा व्हॉल्यूमसुद्धा.

दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड, दोन्ही बाजूंची शॉकअप माउंटिंग आणि बेअरिंग, मजुरी, वर व्हील अलाइनमेंट. एकूण बिल ६,८५० रुपये. जोडीने बदलले कारण दोन्हींचं वय तेच होतं. अलाइनमेंट मात्र सक्तीची. टाय रॉड एंड बदलला की चाकांचा कोन हलतो. तो नीट केला नाही तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वेडेवाकडे झिजतात.

तुमचा आवाज कुठला?

काकांकडे त्या दिवशी मी चार तास बसले. चहा दोनदा झाला आणि माझी नोटबुक भरली. तुमच्या गाडीचा आवाज माझ्यासारखाच असेल असं नाही, म्हणून ही यादी.

टक-टक-टक, पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना : चाक फिरेल तसा आवाज, ॲक्सिलरेटर दिला की जास्त. बहुतेक वेळा ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. इंजिनाची ताकद वळलेल्या चाकापर्यंत पोहोचवणारा हा सांधा. आत सहसा सहा छर्रे असतात, ग्रीसमध्ये. वरचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, चिखल आत जातो आणि छर्ऱ्यांची वाट लागते. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर समजा. आवाज येण्याआधीच बूट फाटल्याचं कळलं तर नवीन बूट आणि ग्रीसवर भागू शकतं. म्हणून पावसाळ्याआधी एकदा खाली वाकून बघाच.

घूंऽऽऽ, ॲक्सिलरेटरबरोबर चढणारा : गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर तेल कमी झालंय किंवा तेलात हवा शिरलीय. बॉनेटखालच्या डबीत तेलाची पातळी बघा. तेलाला फेस आला असेल तर हवेवरच संशय. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला, शेजाऱ्याच्या गाडीचं चालतं म्हणून आपल्याला चालेलच असं नाही. आणि पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर गळती शोधा, नुसती भर घालत बसू नका.

चींऽऽऽ, सकाळी पहिल्यांदा वळवताना : हेही हायड्रॉलिकवाल्यांसाठी. पंप फिरवणारा पट्टा ढिला झालाय किंवा चकाकून गुळगुळीत झालाय.

हलकी गुणगुण, उभ्या गाडीत वळवताना : हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला मदत करणारी इलेक्ट्रिक मोटर असते. तेल नाही, पंप नाही, पट्टा नाही. मोटरची हलकी गुणगुण नॉर्मल. पण स्टिअरिंग जड झालं किंवा डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला, तर ती गुणगुण नाही, तक्रार आहे.

खस्स-खस्स, चाकाच्या आतून : कागद घासल्यासारखा. हॉर्न आणि एअरबॅगची वायर स्टिअरिंगमध्ये रिबीनसारखी गुंडाळलेली असते, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. ती घासते किंवा तुटायला येते. हॉर्न मधूनच बंद, स्टिअरिंगवरची बटणं बंद, एअरबॅगचा दिवा चालू, ही पुढची लक्षणं. इथे यूट्यूब बघून स्वतः उघडायचं नाही! समोर एअरबॅग आहे, खेळणं नव्हे.

कुईं-कुईं, पायांजवळून : स्टिअरिंगचा दांडा जिथून इंजिनाच्या बाजूला जातो तिथलं रबर कोरडं पडलंय. त्रासदायक, पण अनेकदा रबराला चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसच्या एका बोटात मिटणारं.

खर्रर्र, फक्त पूर्ण वळवल्यावर : टायर चाकाच्या वरच्या प्लास्टिकला घासतोय. एखादी क्लिप तुटलीय किंवा हौसेने जाड टायर टाकलेत. आधी हेच बघा, सगळ्यात स्वस्तातलं निदान आहे.

सलग घुमणारा, वेगाबरोबर वाढणारा : व्हील बेअरिंग. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गाडी किंचित डावीकडे घेतली की वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर. उलट असेल तर डाव्यावर.

बारीक खडबडीवर कट-कट, पण स्टिअरिंगला टिचकी नाही : लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. बिचाऱ्या स्टिअरिंगवर उगाच आळ येतो.

आणि मॉलच्या गुळगुळीत पार्किंगमधला टायरचा किर्रर्र? तो गाडीचा दोष नाही, फरशीचा गुण आहे. झोपा निवांत.

थोडी गंमत. पॉवर स्टिअरिंग ही काही हल्लीची चैन नाही. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६मध्येच ते गाडीत बसवून दाखवलं होतं. पण विकायच्या कारमध्ये ते यायला १९५१ उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पिरियलमध्ये. आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंग पहिल्यांदा आलं ते १९८८मध्ये, जपानमधल्या सुझुकीच्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीत. चिमुकल्या गाडीचा तो फंडा आता आपल्या गल्लीतल्या चिमुकल्या गाड्यांतही आहे. इलेक्ट्रिक कार घेणाऱ्यांना एक इशारा. इंजिनाचा आवाजच नाही म्हटल्यावर बाकीचे सगळे आवाज ऐकू येतात. दचकू नका, लिहून ठेवा.

चौकट : गॅरेजमध्ये जाण्याआधी

- आवाज कधी, कुठे, कसा, कशाने वाढतो, हाताला काय जाणवतं, एवढं कागदावर लिहा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगा, गाडी चालवता चालवता नाही.

- मेकॅनिकला बाजूला बसवून ट्रायल मारा. आवाज त्याच्यासमोर आला पाहिजे.

- ‘काय बदलायचं’च्या आधी ‘कशावरून’ विचारा. प्ले कुठे आहे ते दाखवा म्हणा. दाखवला नाही तर दुसरं मत घ्या. डॉक्टरच्या बाबतीत घेतोच ना!

- काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि नव्याशेजारी ठेवून बघा.

- नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली स्टँड हवाच. स्टिअरिंगचे नट-बोल्ट हा घरगुती प्रयोगाचा विषय नाही.

- हायड्रॉलिक स्टिअरिंग टोकाला नेऊन चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. पंपावर ताण येतो.

- स्टिअरिंग अचानक जड झालं, अचानक ढिलं झालं, सरळ रस्त्यावर वाकडं राहू लागलं किंवा वळताना अडलं, तर गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या. ‘गॅरेजपर्यंत तरी जाईल’ हा विचार इथे नको.

ताम्हिणीतली शांतता

ठरल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. पौडच्या पुढे खराब रस्त्याचा एक तुकडा लागला. मी श्वास रोखून धरला. टुक नाही. मुळशीच्या पाण्याच्या कडेने गेलो, घाट सुरू झाला, एकामागून एक वळणं. टंग नाही. काचा खाली होत्या, धुकं आत येत होतं आणि गाणं बंद होतं. कोणी बंद करायला सांगितलं नव्हतं, मीच लावलं नव्हतं.

खूप वेळाने बाबा म्हणाले, “स्टिअरिंग हलकं झालंय का गं?” स्टिअरिंग तर मी चालवत होते. पण त्यांनी माझ्या खांद्यांकडे बघून ओळखलं होतं. तीन आठवडे मी ते घट्ट धरून चालवत होते, माझ्याही नकळत. कानाने ऐकायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण हातांना सगळं कळत होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. खण्ण-खण्ण, खण्ण-खण्ण. बाबांनी मान वळवली. मी ब्रेकवर पाय ठेवला. कधी? वळणावर. कुठे? मागे, डावीकडे. कसा? स्टीलचा!

“अरे, माझे लाडवांचे डबे आहेत ते,” आई म्हणाली. “तुम्ही दोघं पुढे बघा!”

निदान पक्कं झालं. दुरुस्ती मामाकडे पोहोचल्यावर, सगळ्यांनी मिळून केली.